साडेअठ्ठावीस नंबर

१२ नोव्हेंबर, शनिवार
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलं की हे तुम्ही कसं साधलंत, तर तारखांसकट सांगता आलं पाहिजे.

काय साधायचं तेही लिहून ठेवतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी गावाबाहेरच्या बर्फाच्या डोंगरावर पालक-पाल्य शर्यत असते. पालक पुढे, मूल मागे, दोघांनी स्कीवरून एकत्र खाली यायचं. गेल्या वर्षी माझी लेक उतरली ती माझ्या साडूबरोबर, कारण तेव्हा आम्हा नवराबायकोला स्कीइंग येत नव्हतं. त्याचा फोटो साडूच्या फ्रिजवर आहे. लेक माझी, फ्रिज त्याचा. त्यांच्याकडे गेलं आणि पाणी प्यायला उठलं की तो फोटो. मी त्यांच्याकडे पाणी पिणं सोडलं.

शर्यतीनंतर आम्ही दोघांनीही शिकवणी लावली. मी जवळजवळ लगेच शिकलो. फक्त भाड्याचे बूट वाईट होते, त्यामुळे ते बाहेरून दिसलं नाही.

या वर्षी लेकीबरोबर मी उतरणार. तसा शब्द दिला. ती म्हणाली, नक्की? अकरा वर्षांची मुलगी बापाला 'नक्की?' विचारते. ही साडूची शिकवण.

साडूला या वहीत 'तज्ज्ञ' म्हणणार आहे. कळलं तर त्याला आवडेल, हीच तर त्याची अडचण आहे.

१३ नोव्हेंबर, रविवार
स्वतःचे बूट घेतले. बूटवालीशी पहिल्या मिनिटापासून वाजलं. कानामागे पेन्सिल, गळ्यात चष्मा, आवाजात शाळामास्तरीण. मोजे काढा म्हणाली. काढले. धातूच्या पट्टीवर पाय ठेवायला लावला, एक नजर टाकली आणि म्हणाली, साडेपंचवीस.

मी हसलो. एकवीस वर्षं मोजणी खात्यात आहे. लोकांच्या जमिनी मोजतो. वीतभर इकडचं तिकडे झालं तर सख्खे भाऊ कोर्टात जातात. आणि ही मला माप सांगणार! मी आयुष्यभर नऊ नंबर घालतो. वडीलही नऊच घालायचे. तिने विचारलं, मग जिना उतरताना तुमचे बूट वाजतात का? हा काय प्रश्न झाला? माणूस चालला की आवाज येणारच. मांजर आहे का?

स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. तज्ज्ञाचा साडेअठ्ठावीस, हे तो जेवतानासुद्धा सांगतो. मी साडेअठ्ठावीस मागितले. तिने आधी साडेपंचवीस घालायला लावले. अंगठा पुढे टेकला. गुडघे वाकवा म्हणाली, टाच मागे सरकेल, अंगठा सुटेल. मी गिऱ्हाईक आहे. मी कुणापुढे गुडघे वाकवायला आलेलो नाही.

मग तिने साडेअठ्ठावीसमधला मऊ आतला भाग काढला, नुसत्या प्लास्टिकच्या खोक्यात माझा पाय घातला आणि टाचेमागे स्वतःची मूठ घालून दाखवली. बघा म्हणाली. मी बघितलं नाही. तिची मूठच लहान असेल.

साडेअठ्ठावीस घेतले.

बायकोने तेच काळं मॉडेल घेतलं. तिलाही साडेपंचवीस सांगितलं, तिने निमूट घातलं, गुडघे वाकवले, वीस मिनिटांत मोकळी. हिला स्वाभिमान आहे, पण तो पायापर्यंत पोचत नाही.

निघताना पाहिलं, बूटवाली एका कार्डावर काहीतरी लिहीत होती. माझ्याबद्दलच असणार. लिही बाई.

१६ नोव्हेंबर, बुधवार
संकल्प: रोज संध्याकाळी एक तास बूट घालून घरात चालणे. बूट पायाला वळण लावत नसतात, पाय बुटाला लावतो.

सात मिनिटांनी खालच्या मजल्यावरचा वर आला. फर्निचर हलवताय का, विचारत होता. दार लावून घेतलं. लोकांना दुसऱ्याची प्रगती ऐकवत नाही.

लेकीने आईच्या बुटांना मागच्या पट्ट्याला हिरवी रिबन बांधली, दोन्ही जोड सारखेच दिसतात म्हणून. मी म्हटलं, माझ्या बुटांनाही बांध की. ती म्हणाली, तुझ्यांना गरज नाही, ते लांबून ओळखू येतात.

२२ नोव्हेंबर, मंगळवार
ऑफिसात एक अर्जदार भांडायला आला. त्याचा प्लॉट कागदावर आहे त्यापेक्षा मोठा आहे म्हणे. बापजाद्यांपासून मोठाच आहे म्हणे. तिसऱ्यांदा मोजणी मागतोय. मी त्याला चांगलंच सुनावलं. प्लॉट तुमच्या मनात केवढा आहे ते आम्ही मोजत नाही. फिरून फिरून मोजलं म्हणून जमीन वाढत नाही. समोरच्या टेबलावरच्यांनी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या.

अशी माणसं असतात.

४ डिसेंबर, रविवार
मोसमातला पहिला दिवस. उताराबद्दल तक्रार नाही. मी तिथे फार वेळ नव्हतो.

बूट घट्ट आहेत. इतके घट्ट की पाय आत पुढेमागे सरकतो. सरकू नये म्हणून चारही बकलं शेवटच्या खाचेपर्यंत ओढली. त्यावरून घट्टपणा सिद्धच होतो. दुसऱ्या फेरीला तळव्यात पेटके. तिसऱ्या फेरीला नडग्या बुटाच्या कडेवर आपटून लाल. चौथी फेरी घेतली नाही, कारण विश्रांती हा सरावाचाच भाग आहे.

तज्ज्ञ येऊन उभा राहिला. म्हणाला, पाय सरकतोय म्हणजे बूट मोठा आहे. मी म्हटलं, दुखतंय म्हणजे लहान आहे. तो म्हणाला, मोठा असला की दुखतं. हे असलं उलटं बोलून हा माणूस नोकरी कशी टिकवतो?

बायको दिवसभर वर होती. काही दुखलं का विचारलं. नाही म्हणाली. सांगत नसेल.

११ डिसेंबर, रविवार
उपाय सापडला. मोजे दोन. त्यावर लोकरीची लांब विजार बुटात खोचली, म्हणजे नडगीला गादी. दुकानात बूटवालीने एकच पातळ मोजा, बुटात बाकी काही नको, अशी पाटी लावली आहे. तिला मोजे विकायचे नसतील.

११.४०. मोजे तीन केले.

१२.१५. पाय बधिर. म्हणजे दुखणं थांबलं! मुद्दाम लिहून ठेवतो.

१२.३०. डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टवरून उतरताना पाय कुठे आहेत ते कळलं नाही. बर्फात बसलो. मागून येणाऱ्या बाई माझ्यावर, त्यांच्यावर त्यांचे यजमान. यजमान फार शिवराळ. सगळ्यात वाईट म्हणजे लेक तिथेच उभी होती. तिने स्कीच्या काठ्या गोळा करून दिल्या आणि बाईंना सॉरी म्हणाली. मी नाही म्हणालो. चूक बुटांची होती.

१७ डिसेंबर, शनिवार
बूटवालीकडे तक्रार घेऊन गेलो. बाजूंना दाबतात म्हटलं. तिने पाय पुन्हा पट्टीवर ठेवायला लावला. पुन्हा साडेपंचवीस. बाई, महिन्याभरात पाय वाढत नाही हे मलाही कळतं!

तिने शांतपणे समजावलं. मोठ्या बुटात टाच सुटते, म्हणून मी आवळतो, आवळलं की तळवा चेपतो, पाय पुढे जाऊन आपटतो. लहान घ्या. अजून बदलून देते. शांतपणे बोलणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे. भांडा तरी.

मी म्हटलं, रुंद करून द्या. प्लास्टिक तापवून आतून यंत्राने ढकलतात, तसं करता येतं. तिने कागद पुढे केला: गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून, जबाबदारी गिऱ्हाइकाची. सही केली. मोठी सही केली.

आता घोट्याशी फुगवले, करंगळीशी फुगवले. घरी घालून पाहिले. फार सुखद. उभं राहिलं तर थोडे फिरतात. म्हणजे बूट समोर बघतो, मी खिडकीकडे.

१ जानेवारी, रविवार
संकल्प:
तज्ज्ञावर चिडायचं नाही.
बूटवालीचा विषय घरात काढायचा नाही.
पायांना सवय लावायची. दोष पायांचा नाही, आळसाचा आहे.

दुपारी तज्ज्ञ नवीन वर्षाचा आला. पहिला संकल्प संध्याकाळपर्यंत ढकलला. त्याने माझे बूट उचलून आत हात घातला आणि म्हणाला, वा, ऐसपैस केलेत. बायको आत जाऊन हसली. मला इथपर्यंत ऐकू आलं. दुसरा संकल्पही मग राहिला.

८ जानेवारी, रविवार
उजव्या अंगठ्याचं नख काळं. डाव्याचं जांभळं. बायको म्हणाली, पुढे आपटून आपटून झालं. मी म्हटलं, हे कष्टाचं चिन्ह आहे. ती म्हणाली, डॉक्टरला दाखव. डॉक्टरला काय दाखवायचं, तज्ज्ञाला दाखवलं पाहिजे. त्याची नखं गुलाबी आहेत. मी पाहिली आहेत. लाज नाही माणसाला.

१९ जानेवारी, गुरुवार
आज रजा. सराव. बूट रात्रभर गाडीच्या डिकीत राहिले होते, सकाळी थंडीने दगड झालेले. पाय आत जाईना. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर बरोबर नेला होता, त्याने डोंगराखालच्या पार्किंगमध्ये तापवले. पाय गेला. सरावानंतर बाहेर येईना. घरी बूट घालूनच गाडी चालवत आलो. दोन पायडल एकदम दाबली जात होती. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाने काच खाली करायला लावली आणि पायांकडे बराच वेळ बघितलं. मग पावती दिली.

लेकीने बकल धरलं, बायकोने टाच ओढली. निघाला. मोजा आतच राहिला. लेक म्हणाली, बाबा, नको ना रे. मी विचारलं, काय नको? ती म्हणाली, काही नाही.

काही नाही म्हणजे काय? पोरांनी स्पष्ट बोलावं.

२९ जानेवारी, रविवार
तळपायाची आग मस्तकात. अक्षरशः. आधी तळपायाची होतीच.

शर्यतीचा फॉर्म लेकीने स्वतः भरून दिला. पोच घरी आली. पालकाचं नाव या रकान्यात तिच्या अक्षरात: बाबा, नाहीतर आई.

नाहीतर आई! स्वल्पविराम देऊन!

तिला बोलावलं. ती म्हणाली, तिथल्या काकूंनी सांगितलं, एक नाव राखीव ठेवा. सगळे ठेवतात का, विचारलं. ती म्हणाली, ज्यांना हवं ते. मग बायकोकडे वळलो. हे तुझं कारस्थान का? ती भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली की तिला शर्यत नको आहे, तिला फक्त रविवारी घरात शांतता हवी आहे, आणि साडेपंचवीस घेतलेस तर दोन्ही होईल.

घरात बूटवालीची माणसं आहेत.

१२ फेब्रुवारी, रविवार
जुन्या सोफ्याची उशी फाडून टाचेमागे, जिभेखाली आणि दोन्ही बाजूंना फोम भरला. जिथे मोठा झाला तिथे भरला, जिथे भरलं तिथे घट्ट झाला, तिथलं कापलं. तीन तास. सोफ्यावर आता तिघं बसत नाहीत, पण आम्हाला तिघांनी एकत्र बसायची तशी वेळही येत नाही.

डोंगरावर दोन फेऱ्या केल्या. दुसरी अर्धी चालत. लेक थांबून थांबून उतरत होती. दर वळणावर मागे बघायची. मी ओरडलो, तू जा पुढे. ती नाही गेली. मग मी जोरात ओरडलो. मग गेली.

बायकोबरोबर तिने नंतर पाच फेऱ्या केल्या. मी खालच्या कँटीनच्या काचेतून मोजल्या. मोजणं माझं कामच आहे.

२५ फेब्रुवारी, शनिवार
उद्या. मनाने तयार. पाय काय म्हणतात ते विचारलेलं नाही.

संध्याकाळी लेक सहज म्हणाली, तुला नको असेल तर चालेल, आई आहे. मी म्हटलं, मी आहे. ती म्हणाली, दुखलं तर? मी म्हटलं, बाप रडत नसतो. ती म्हणाली, तू रडत नाहीस, तू सगळ्यांवर ओरडतोस.

नाचता येईना अंगण वाकडं, असं काहीतरी तिच्या पुस्तकात या वर्षी आहे म्हणे. तेही मध्येच वाचून दाखवलं. मोठ्याने.

२६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ८.५०. बूट घालायच्या खोलीत लिहितोय. बाकावर गर्दी, जमिनीवर पाणी, सगळीकडे काळे बूट. मायलेकी छातीवर बांधायचं शर्यतीच्या नंबराचं कापड आणायला गेल्या आहेत. माझी घाई.

८.५५. बसला! पाय सरळ आत! टाच जागेवर. बकल दुसऱ्याच खाचेत लागलं. फोम दाबून दाबून पार सपाट झाला असणार, बोटाला लागतसुद्धा नाही. तीन महिन्यांची तपश्चर्या. तज्ज्ञ, बूटवाली, खालच्या मजल्यावरचा, सगळ्यांना आता काय म्हणायचं आहे?

९.१०. स्की मी भाड्याने घेतो. स्कीवाल्याने बुटाला जोडायची पट्टी चांगली बोटभर आत ढकलली. म्हणाला, मागच्या वेळी बूट मोठा होता. लोकांना स्वतःच्या कामाची आठवण राहत नाही.

दुपारी १२.०५. उतरलो.

पुन्हा लिहितो. उतरलो. एकोणीस जोड्यांत अकरावे. एकदाही पडलो नाही. एकदाही थांबलो नाही. मी वळलो की स्की वळत होत्या, याला स्कीइंग म्हणतात हे मला माहीतच नव्हतं. मी पुढे, लेक मागे. मागून ती ओरडत होती, डावीकडे, आता उजवीकडे, मस्त बाबा! मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो आठवत नाही. शिव्या नव्हत्या.

तज्ज्ञ खाली घड्याळ घेऊन उभा होता. त्याने फोटो काढला. मी त्याला थँक यू म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

संध्याकाळी ५.३०. सकाळचं पुढचं लिहायलाच हवं का? वही माझीच आहे. लिहितो.

खाली दोरीपाशी बायको उभी होती, रोजच्या बुटांत, घोट्यापर्यंत बर्फात. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. पायांकडे बघत होती. म्हणाली, दोन फेऱ्या मारून आले असते मी सकाळी. माझे बूट मिळाले असते तर.

मी खाली पाहिलं. पुढून काही दिसत नव्हतं. पाय वळवला. मागे हिरवी रिबन.

खोलीत माझे बूट होते तिथेच होते. तज्ज्ञाने तेवढ्यात पाय घालून पाहिले. फोम उपटून फेकला, उभा राहिला, गुडघे वाकवले. म्हणाला, अरे, घोट्याशी, करंगळीशी अगदी मापात, हे कुणी केलं? मी केलं. त्याच्यासाठी मी तीन महिने केलं.

पण ते नाही. ते सोसता येईल.

गाडीत लेकीला विचारलं, रिबन तुला कधी दिसली? ती म्हणाली, लिफ्टच्या रांगेत. म्हणजे वर जायच्या आधी. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, सांगितलं असतं तर तू ते काढून तुझे घातले असतेस. मग मला आईबरोबर उतरावं लागलं असतं.

आणि मग म्हणाली, मला तुझ्याबरोबर उतरायचं होतं.

बायको गाडी चालवत होती. मला काहीतरी बोलायचं होतं, पण ओरडायची इतकी सवय झाली आहे की दुसरं काही लवकर सापडत नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसची स्टीलची पट्टी घरी आणली. दार लावून भिंतीला टाच टेकवून मोजलं. तीनदा.

साडेपंचवीस.

भिंत सरळ नसेल.

४ मार्च, शनिवार
फोटो आमच्या फ्रिजवर लागला. मोठे बूट तज्ज्ञ घेऊन गेला, शिट्टी वाजवत.

बूटवालीकडे गेलो. एकटा. मनात भाषण तयार होतं: मॉडेल बदलायचं आहे, रंग आवडला नाही, वगैरे. दारातून आत आलो तशी ती काही न विचारता मागे गेली आणि एक खोकं घेऊन आली. वर धूळ. खोक्यावर तिचं ते कार्ड चिकटवलेलं. तारीख १३ नोव्हेंबर. खाली पेन्सिलीने: साडेपंचवीस. येतील.

एवढंच. नाव नाही, शिवी नाही. येतील. आदरार्थी.

मोजे काढायला तिने सांगितलं नाही. मीच काढले आणि पिशवीतून एक पातळ मोजा काढला. बूट घातला. उभा राहिलो. गुडघे वाकवले, कुणी न सांगता. टाच मागे सरकली. अंगठा सुटला. बराच वेळ तसाच उभा राहिलो. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बूटवाली कानामागची पेन्सिल काढून वाट बघत होती.

मग तिने विचारलं, कुठे दुखतंय का?

कुठेच दुखत नव्हतं.

थोडं दुखतंय, म्हटलं.